उजवा कौल

उजवी पाकळी पडली. गुरवाचं गाऱ्हाणं अजून पुरतं संपलंही नव्हतं.

देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आजवर इतक्या लवकर देव कुणाला बोलला नव्हता.

"घ्या! देवानं हो म्हटलं," परशू गुरव म्हणाला. "पोरगी उद्या परीक्षेला जाणार. आता घोर सोडा."

भिकाजीनं देवापुढं डोकं टेकलं ते बराच वेळ वर केलं नाही. शेजारी गिरजा हात जोडून उभी होती. तिलाही भरून यायला हवं होतं. आलं नाही. डावी पाकळी अजून तशीच चिकटून होती आणि गिरजा उगाच त्या पाकळीकडं बघत राहिली.

त्यांची नेत्रा आठवीत. तीन महिने ती शाळेत गेली नव्हती. उद्या सोमवारी रामनगरच्या हायस्कुलात वार्षिक परीक्षा सुरू व्हायची होती. पेपर बुडाले तर वर्ष गेलं, असा निरोप आला होता. मैत्रिणी नववीत जाणार आणि ही पुन्हा आठवीत बसणार. मग ती शाळेचं तोंडही बघणार नाही, हे सांगायला जोशी नको होता.

पोर आळशी म्हणावी तर तसंही नव्हतं. कुणी न सांगता गोठा लख्ख करायची. कन्नडची कविता एकदा ऐकली की घडाघडा म्हणायची. पण 'जेव' म्हटलं की ताट सरकवायची. 'अंघोळ कर' म्हटलं की माळ्यावर चढून बसायची. 'एसटीची वेळ झाली' म्हटलं की पोटात कळ. एकदा गिरजानं उलटा डाव टाकला. म्हणाली, "नको जाऊस जा शाळंला!" तर पोर खरंच गेली नाही, आणि वर दिवसभर रडली. आता या पोरीला म्हणायचं तरी काय?

गावानं आपापली औषधं सुचवली. कुणी म्हणालं लाड फार झाले, कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं छडी लागे छमछम. भिकाजीनं एकदा छडी उचललीही. पोरीचे हातपाय गार पडले, तेव्हा त्यानं ती स्वतःच चुलीत घातली.

बेळगावच्या डॉक्टरबाईंनी मात्र निराळंच सांगितलं. "हा हट्ट नव्हे. कुणी अमुक कर म्हटलं, की हिला आतून भीती वाटते. हिला सांगणं बंद करा."

"लेकराला सांगायचंच न्हाई, तर आईबापानं करायचं काय? आरती?" भिकाजी परतीच्या बसमध्ये तडकला होता.

गिरजालाही ते नीटसं उमगलं नव्हतं. पण घरी आल्यावर ती कोंबडीशी बोलायला लागली. "भाकरी झाकून ठेवलीया बाई," असं ती कोंबडीला सांगायची आणि आत पोरगी जेवायची. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं कोंबडी बोले लेकी लागे! कधी लागे, कधी न लागे. शाळेचं नाव काढलं की कोंबडीचाही इलाज चालत नव्हता. म्हणून तर हा कौल.

देवळाच्या पायऱ्या उतरताना भिकाजीनं पडलेली पाकळी पानात गुंडाळून खिशात ठेवली.

"अवो, हे तिला सांगायचं न्हाई हं," गिरजा म्हणाली.

"आपण कुठं सांगतोय? द्येव सांगतोय. डाक्टरीणबाईनं आपल्याला मना केलंया, द्येवाला न्हाई."

गिरजाला त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं आणि पटतही नव्हतं. आईबापाचं सांगणं वेगळं, देवाचं वेगळं, हे खरं. पण पोरीच्या कानात ते वेगळं कसं होणार? वाटभर विचार करून तिचं डोकं भणभणून गेलं. माणसानं एक ऐकावं तरी कुणाचं, डॉक्टराचं की देवाचं?

अंगणात पाय ठेवला आणि ती जागीच थबकली.

पडवीत नेत्रा बसली होती. शाळेचा निळा स्कर्ट धुऊन दोरीवर टाकला होता, त्यातून अजून पाणी गळत होतं. पांढरा शर्ट मांडीवर घेऊन ती तुटलेलं बटण लावत होती. बाजूला दोन पेन्सिली, नुकत्याच टोक काढलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. कोंबडीसुद्धा आसपास नव्हती.

गिरजाचा ऊर भरून आला. तिनं नवऱ्याची बाही घट्ट ओढली. पण आनंदानं येडा झालेला माणूस थांबतो होय?

"नेत्रा!" भिकाजी लांबूनच ओरडला. "द्येवानं उजवा कौल दिला बघ! उद्या तू परीक्षेला जायाचं. द्येवानंच सांगिटलंया!"

सुई थांबली. नेत्रानं बटणाकडं पाहिलं, मग शर्ट हळूच बाजूला ठेवला. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. भिकाजी पानातली पाकळी पुढं करून उभाच होता.

"अगं, आता काय झालं?" त्याला काहीच कळेना.

नेत्रा बापाकडं बघत नव्हती. ती आईकडं बघत होती आणि तिचे डोळे गच्च भरले होते.

"आई, तू परत जा गं देवळात," ती म्हणाली. "द्येवाला म्हण, बोललास ते माघारी घे. मला जायाचं हाय उद्या."