घडीचं छत

गळती तपासायला सोडलेल्या पाण्याच्या फवाऱ्याखाली दोघं बाप-लेक त्या दोनच सीटच्या छोट्या गाडीत बसले होते. बटण दाबलं की गाडीचं पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जायचं. ते बाबांनी घडवलेलं, आणि त्यातली खोट शोधणं हे त्याच कंपनीत तिचं काम.

"काय गं, आता तरी झालं ना मनासारखं?"

"नाही. खांद्यावर थेंब पडला."

"अगदी तुझ्या आईवर गेलंय. कितीही समजूत काढा, एक थेंब राखून ठेवतंच." बाबा हसले. "उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत. त्यांच्यामागे कंपनीनं त्या गाडीचा नाद सोडला. अशी नमुन्याची गाडी विकत नाहीत, कुणाला देतही नाहीत, चिरडून टाकतात.

चिरडण्याच्या यंत्रापाशी मेकॅनिकनं विचारलं, "मॅडम, बॅटरी काढतोय. छत उघडं ठेवू की बंद?"

"बंद करा."

डिकी उघडली, छत वर आलं, उलगडलं आणि पुढच्या काचेच्या कडेवर अलगद टेकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती काही तपासत नव्हती, नुसती बघत होती.

"फार सुंदर केलंत, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली.