भान

टेबलावर पाच वस्तू होत्या: किल्ली, चमचा, कंगवा, बटण आणि पेन्सिल. डॉक्टरीणबाईंनी त्यांवर रुमाल टाकला आणि बाबांना विचारलं, "आता सांगा, इथे काय काय आहे?"

"रुमाल," बाबा म्हणाले.

मग साल विचारलं, ते चुकलं. गावाचं नाव आठवेना. शेवटी बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या कोण?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "आपल्यातलीच वाटते कुणीतरी."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"बरं, तुम्ही कोण?"

बाबा खुदकन हसले. "बाई, हाच प्रश्न मी जन्मभर डोळे मिटून स्वतःला विचारतोय. तुम्हाला भलतीच घाई!"

"स्थळाचं भान नाही, काळाचंही नाही," बाई मला हळूच म्हणाल्या.

बाबांनी ते ऐकलं. "साल गेलं, गाव गेलं, हिचं नावही गेलं. पण गेलं हे कळतंय की नाही? ते कळणारं जागच्या जागी आहे. मी म्हणजे तेवढंच." मग माझा हात धरून म्हणाले, "घाबरू नकोस गं पोरी."

बाईंनी आम्हा दोघांचीही नाडी मोजली. माझी एकशे अठरा होती, बाबांची चौसष्ट.