मोकळे हात

अठ्ठ्याहत्तर साली नागपूरच्या आमच्या सूतगिरणीत सुरक्षेचं शिक्षण सुरू झालं. नव्या देशकर साहेबांनी पहिल्याच दिवशी बायांना बजावलं, "काचेच्या बांगड्या घालून मशीनवर यायचं नाही. पट्ट्यात अडकल्या की हातच जातो."

"साहेब, घरी आमच्या वहिनीले हे सांगून पाह्यलं काय?" सिंधूताई म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

पण हळूहळू सगळ्यांनी ऐकलं. कामावर येताना बांगड्या उतरवायच्या, सुटी झाली की पुन्हा चढवायच्या. एकटी बायजा ऐकेना.

"काहून अडून बसली वं? हात जाईन ना तुहा!" सिंधूताईनं समजावलं.

"जाऊ दे हात," बायजा म्हणाली. "माहा माणूस काविळीनं दवाखान्यात पडून हाये. अशात मी बांगड्यांले हात कसा लावू, ताई?"

मग काही दिवस ती आलीच नाही. आली त्या सकाळी तान्ह्या लेकीला पाळणाघरात निजवून ती मुकाट मशीनपाशी उभी राहिली. साहेबांची नजर आधी तिच्या हातांवर गेली. दोन्ही हात मोकळे होते.

"शाब्बास, बायजाबाई! पटलं ना शेवटी? वाजवा टाळ्या सगळ्यांनी!" असं म्हणून त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. दुसरी एकही टाळी पडली नाही.

 

कुंकू पुसून यायला मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.