मॉझेलबाईंच्या बायबलमधलं पान

अगं, जरा जवळ सरक. पास्टर सूर लावेपर्यंत तुला मॉझेलबाईंच्या घराची गोष्ट सांगते. केंटकीतल्या या आपल्या चर्चमध्ये त्यांच्यासारखं खणखणीत ‘आमेन’ कुणाचं नव्हतं. पण मृत्युपत्र न करताच त्या गेल्या आणि घर सहा महिने कोर्टात अडकलं. लेक डेलफिनचा जन्मदाखला सापडेना, तेव्हा कारकून म्हणाला, “घरचं बायबल आणा. जन्माच्या नोंदी असतात त्यात.”

तिने ते छातीशी धरून नेलं. सोबत मीही होते. त्याने पान वाचलं आणि पुस्तक हळूच मिटलं. “बाई, मी कॉफी घेऊन येतो. तोवर एखादं पान गळून पडलं, तर दोन शेजाऱ्यांच्या शपथेवर भागवेन.”

शपथ घ्यायला मी तयारच होते. पण तो परतला तेव्हा पान जागेवर होतं.

“अहो, घर जाईल तुमचं.”

“जाऊ दे. माझ्याबद्दल आईने लिहिलेलं एवढंच आहे.”

घर मॉझेलबाईंच्या डेट्रॉइटच्या भाच्याला मिळालं. लेकीला वारसाकर नसतो, भाच्याला असतो. तो भरायला त्याने घर विकून टाकलं. डेलफिन आता बसस्टँडमागे एका खोलीत राहते.

दत्तकाचा कागद मॉझेलबाईंनी कधी केलाच नाही, आणि पवित्र पुस्तकात त्यांना खोटं लिहवलं नाही. त्या पानावर होतं, ‘आज देवाने डेलफिन माझ्या ओटीत घातली. पोटची नाही, पण माझीच.’

आज प्रार्थनेत तिचं नाव घे हो. मॉझेलची लेक म्हणून घे.