लटारूचं गाठोडं

"हा लटारू सुनेच्या बाजूबाजूनंच चालून राह्यला. मी दरीत गेली तरी याले पत्ता लागनार नाई," रुखमाबाई पदराआड पुटपुटली.

"काई म्हनलं का, आत्याबाई?" पुढून मनकर्णानं विचारलं.

"गोटा टोचला म्हनलं."

पहाड अजून अर्धाही चढून झाला नव्हता. चैत्राचं ऊन पाठीवर येऊन बसलं होतं. वाटेच्या कडेला अस्वलानं वारूळ उकरून ठेवलं होतं. म्हणून तर कुऱ्हाडवाला लटारू सोबत घेतला. निदान मनकर्णा तसं म्हणाली होती. माघात रुखमाबाईला ताप भरला, तेव्हा सुनेनं वरच्या देवीला नवस बोलला होता: सासू उठली तर तिला पायी चढवून आणीन.

रुखमाबाईचा एकुलता एक पत्रू जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात दोघी विधवा, एक चूल. आणि आता शेजारचा हा लटारू. बायको जाऊन सहा वर्षं झालेला. त्यांच्यात विधवेचा पाट लागून दुसरा संसार व्हायचा, कोणाला वावगं वाटत नसे. पण माझ्या बरोबरीचा हा गडी, अन् पोर बावीस वर्षांची! नुकताच सारा मुलूख मुंबई राज्यात गेला होता. अख्खा मुलूख या हातातून त्या हातात जातो, तर एक सून जायला कितीसा वेळ!

तापात हाच रोज पेज घेऊन यायचा. उंबऱ्यात उकिडवा बसून म्हणायचा, "वैनी, दोन घोट." ती बरी झाली आणि त्याचं वैनी म्हणणंच बंद झालं. आता सासू होणार ना मी त्याची, रुखमाबाईनं ओळखलं.

आज त्यानं केसांना तेल लावलं होतं. तिनंही धुतलेलं लुगडं नेसलं होतं, पण ते देवीसाठी.

झऱ्यापाशी तिघं टेकली. लटारूनं तुंबा भरून मनकर्णाला दिला. तिनं तो सासूपुढे धरला.

"मले नाई तहान," कोरड्या घशानं रुखमाबाई म्हणाली. तिची नजर त्याच्या गाठोड्यावर होती. आत बांगड्या वाजल्या.

"देवीची ओटी का?"

"तसंच... काईतरी," लटारू म्हणाला. मनकर्णा फिसकन हसली.

मागच्या आठवड्यात पेटीतली रुखमाबाईची सवाष्णपणातली बांगडी गायब झाली होती. उंदरानं नेली असन, मनकर्णा म्हणाली होती. कसला उंदीर! पोरीच्या हाताला पुन्हा काच हवी झालीय.

शेवटचा कडा उभा होता. लटारूनं मनकर्णाला हात देऊन वर घेतलं. मग तोच हात खाली आला. रुखमाबाईनं तो पाहिलाच नाही. गुडघा खरचटून घेत, चारी हातापायांवर, ती आपली आपण चढली.

वर तेंदूच्या झाडाखाली शेंदूर माखलेली देवी. नारळ फुटला. लटारूनं गाठोडं सोडलं. नवं लुगडं, त्यावर चार हिरव्या बांगड्या. तो पायाकडे बघत राहिला. मनकर्णा देवीकडे.

आता या दोघांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं? त्यापेक्षा आपणच मोठं व्हावं. रुखमाबाईनं बांगड्या उचलल्या.

"आन पोरी, हात दे. लागू दे तुया पाट. मी आडवी येत नाई."

तिनं पोरीचा हात ओढून घेतला.

बांगडी मनकर्णाच्या हातात दाबायलाही लागली नाही. सरकली ती थेट कोपरापर्यंत. दुसरीही तशीच.

धानाची रोवणी करून रुंद झालेल्या हातांनी रुखमाबाईनं कपाळ बडवलं. "काय मानूस आहे! कोनाच्या मापाच्या आनल्या रे, बाप्पा?"

मनकर्णानं कमरेची गाठ सोडली. आतून ती जुनी बांगडी काढली आणि गुपचूप हिरव्या बांगडीवर ठेवली. तंतोतंत.

"तुयाच," लटारू म्हणाला, "रुखमा."