गायींची खाडी

“आधी गाय लंगडी करायची,” ओलेगारियोआजोबा म्हणाले. “पुढचा एक पाय दोरीने आखडून बांधायचा. मग शिंगांना कंदील. गाय वाळूवरून चालली की कंदील वरखाली व्हायचा. समुद्रातल्या कप्तानाला वाटायचं, पुढे कुणाचं जहाज डोलतंय. यायचा बिचारा सरळ खडकावर! म्हणून ही गायींची खाडी. नाहीतर इथे गवताची काडी तरी दिसते का तुला?”

आणि म्हातारा हसला. नव्वदीचा, तोंडात एक दात नाही, पण हसला कसा, भरल्या पोटाने. मिर्ताची पेन्सिल वहीवर थांबली.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मिर्ता रोचा नावाच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचं एकेक गाव, एकेक खाडी पालथी घालत होती. तिला जिल्ह्याचा इतिहास लिहायचा होता. ही खाडी तिने मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती तिच्या घराण्याची. इथे जहाज फुटलं तेव्हा तिच्या पणजीने एका बाईला वाचवलं, तीन दिवस उशाशी बसून तिची सेवा केली, आणि मरताना त्या बाईने आपली अंगठी पणजीला दिली. तेव्हापासून घरातली प्रत्येक मुलगी तीच अंगठी घालून लग्नाला उभी राहते. शनिवारी मिर्ताच्या लेकीचं लग्न होतं.

दाराबाहेर मेलेला समुद्रसिंह कुजत पडला होता. त्या घाणीत म्हातारा खुशाल भोपळ्याच्या पेल्यातला येर्बाचा कडू चहा नळीने ओढत होता. त्याने ती थुंकीने ओली नळी तिच्यापुढे केली. आपल्याकडे पुढे केलेल्या नळीला नाही म्हणत नाहीत. मिर्ता नाही म्हणाली.

“आणि ही?” तिने अंगठीचा हात पुढे केला.

“ही होय! माझी आई तिथेच होती की, गायीची दोरी धरून. एवढीशी पोर. अंगठी काही निघेना. मग तुझ्या पणजीने मासे चिरायची सुरी काढली.” त्याने आपल्या बोटावर दुसरं बोट आडवं फिरवलं.

मिर्ताने हात मागे घेतला. गावोगावच्या घरांत तिला कौतुकाने दाखवलेले ते आरसे, त्या नक्षीच्या बशा! ‘कप्तानाने दिलेली भेट’ असं तिने सुंदर अक्षरात लिहूनही घेतलं होतं. शी! आणि त्याहून किळस तिला स्वतःची आली, कारण मन लगेच पळवाट शोधायला लागलं. मेलेल्या बाईला काय कळतं? वाळूवर पडलेल्या प्रेताचं सोनं गरिबाने समुद्राला का द्यावं? एवढं पोटात घालता येईल. लेकीला सांगायची गरज नाही.

“आजोबा,” ती जवळजवळ गयावया करत म्हणाली, “ती मेलेलीच होती ना हो?”

म्हाताऱ्याने भोपळा खाली ठेवला.

“तुझी पणजी इथल्या खाडीतल्या लोकांना तसंच सांगायची. पण पोरी, मेलेल्या बाईच्या तोंडात कुणी बोळा कोंबतं का?”