परसातली कॉफी

लोखंडी कढईतला तिसरा घाणाही करपला, तसं सगुणाने उलथनं आपटलं. काळ्या बिया फोडून पाहिल्या, तर आतून कच्च्याच. चिखलदऱ्यातल्या आपल्या परसातली कॉफी ती बावीस वर्षं न भाजताच व्यापाऱ्याला देत आली होती. "तुमच्या मालाला चव नाही," असं तो दर वर्षी ऐकवायचा आणि भाव पाडायचा. यंदा ती इरेला पेटली होती.

"पुरे कर आता, घरभर धूर झालाय," नवरा खोकत म्हणाला.

तिने ऐकलं नाही. उरलेल्या बिया मंद आचेवर टाकल्या आणि हात न थांबवता हलवत राहिली. बिया तडतडून तपकिरी झाल्या, तशी कढई उतरवली. गार झाल्यावर खलबत्त्यात कुटल्या, उकळल्या आणि दोघांसाठी दोन कप गाळले.

नवऱ्याने घोट घेतला. "कडू आहे."

"पण चांगली की वाईट?"

"मला काय ठाऊक? आपल्या घरात चहाशिवाय कधी काही झालंय का?"

सगुणाने कप तोंडाला लावला. तिलाही ठरवता येईना. स्वतःची कॉफी एकदाही न चाखता बावीस वर्षं त्या व्यापाऱ्याचं ऐकून घेतलं, याचाच तिला जास्त राग आला.